‘आता बोलके बोला’ : एका हेटाळलेल्या रचनेची बाजू

शिकलेला मराठी माणूस दुबईत दोन-तीन वर्षं राहिला की इथल्या हिंदीबद्दल त्याचं मत पक्कं होतं. ती बिघडलेली आहे, दाक्षिणात्य वळणाची आहे, मुलांच्या कानावर न पडली तर बरं. पुराव्यादाखल तो बहुधा एकच वाक्य ऐकवतो : ‘वो कल आता बोलके बोला.’ मग हशा होतो. बोलके बोला म्हणजे काय, बोलून बोलला? एकदा बोलून भागलं नाही का? ‘उसने कहा कि वह कल आएगा’ असं सरळ वाक्य असताना ही कसरत कशाला?

हे मत मला मान्य नाही. नुसतं सौजन्य म्हणून नव्हे, भाषेचा विचार करूनही मान्य नाही. ज्या वाक्याला आपण हसतो त्याची बांधणी मराठीच्या हाडामांसाची आहे, आणि ज्याला आपण शुद्ध समजतो ते ‘कि’वालं वाक्यच आपल्या वाक्यक्रमात उपरं आहे.

वादाची जागा आधी सांगतो. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, इथल्या बोलण्यात नुसतं ‘डीआयपी’. जेबेल अलीच्या आतल्या बाजूला 2300 हेक्टरांवर 1997 मध्ये सुरू झालेली ही वसाहत. कारखाने, गोदामं, वर्कशॉप, कामगारांचे कॅम्प, आणि त्याच हद्दीत शाळा, हिरवळीची घरं, मॉल. एक्स्पो 2020 साठी टाकलेल्या मेट्रोच्या फाट्यावर तिच्या नावाचं स्टेशनही आहे. इथे एका शेडखाली तेलंगणाचा वेल्डर, केरळचा स्टोअरकीपर, रत्नागिरीचा ड्रायव्हर, नेपाळचा वॉचमन, सिल्हेटचा हेल्पर, श्रीलंकेचा सुतार, पेशावरचा ट्रकवाला आणि मनिलाची रिसेप्शनिस्ट अशी माणसं एकत्र येतात. त्यांच्यात चालते ती हिंदी. तिला दखनीचा पाया आहे, मुंबईची फोडणी आहे, मधूनमधून अरबी ‘खलास’, ‘मुदीर’, ‘याल्ला’ आहेत. आणि दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं झालं की त्यात ‘बोलके’ येतं, नाहीतर ‘करके’ : ‘कल छुट्टी है करके सुना.’

आता हसणाऱ्यांमधल्याच एका गटाकडे वळू. पुण्यात जपानी शिकून आखातात आलेले इंजिनिअर कमी नाहीत. पुणे हे जपानी शिकणाऱ्यांचं देशातलं एक मोठं केंद्र. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांतून कित्येक पिढ्या बाहेर पडल्या. ‘मिन्ना नो निहोंगो’ या क्रमिक पुस्तकाच्या 21व्या धड्यात त्यांची गाठ ‘तो’ या अव्ययाशी पडते. (हा आपला सर्वनामाचा ‘तो’ नव्हे, उच्चार तेवढा जवळचा.) दुसऱ्याचं बोलणं किंवा आपल्या मनातला विचार संपला की जपानी माणूस त्याच्या शेवटी हा ‘तो’ ठेवतो आणि मग ‘म्हणाला’, ‘वाटतं’, ‘लिहिलं’ असं क्रियापद आणतो. हा धडा शिकताना सगळ्यांना कौतुक वाटतं. काय शिस्त, काय नेमकेपणा! अवतरणचिन्ह तोंडानं उच्चारणारी भाषा!

त्या धड्यातल्या धर्तीचं एक वाक्य घेऊ : ‘तानाका-सान वा आशिता कुरु तो इत्ता.’ तानाका, उद्या, येतो, ‘तो’, म्हणाला. ‘वा’ हे अव्यय तेवढं तानाकाला विषय म्हणून पुढे आणतं, बाकी शब्दाला शब्द ठेवून पाहा. वो, कल, आता, बोलके, बोला. क्रम तोच, खुणेची जागा तीच, खुणेचं काम तेच. तानाका-सानच्या तोंडी जी शिस्त आहे ती करीमनगरच्या वेल्डरच्या तोंडी अडाणीपणा कशी ठरते, याचं उत्तर व्याकरणात मिळत नाही. पगाराच्या स्लिपेत मिळत असावं.

पण प्रतिपक्षाला हसून उडवून लावणं हे खंडन नव्हे. त्यांचं म्हणणं नीट मांडलं तर ते असं होतं : ‘बोलके’ हे क्रियापदाचं रूप आहे, त्याची द्विरुक्ती निरर्थक आहे. मराठीत अशीच ‘म्हणून’ची रचना आहे हे खरं, पण ती ग्रामीण आहे. शिवाय ‘म्हणून’चा खरा अर्थ ‘त्यामुळे’, तेव्हा तिनं घोटाळा होतो. आणि मुळात हे सगळं द्राविडी भाषांच्या संसर्गातून आलेलं आहे, आर्यभाषांचा स्वभाव ‘की’चा आहे. यातला शेवटचा मुद्दा वजनदार आहे, त्यामागे मोठे विद्वान उभे आहेत. पहिला मात्र फुंकरीनं उडतो.

‘तो येईल म्हणून वाटलं’ या वाक्यात कोण काय बोललं? कोणीच काही बोललं नाही. ‘वो आएगा बोलके सोचा’ यातही तोंड उघडलेलं नाही. जिथे बोलणं नाही तिथेही जे रूप बसतं ते बोलण्याचं क्रियापद उरलेलं नसतं, ते अव्यय झालेलं असतं. मग ‘बोलके बोला’मध्ये द्विरुक्ती कुठली? नेपाळी माणूस ‘भनेर भन्यो’ म्हणतो, सिंहली ‘कियला किव्वा’ म्हणतो, आपण ‘म्हणून म्हणाला’ म्हणतो. यातलं पहिलं पद खूण आहे, दुसरं क्रियापद. एकाच धातूची दोन लेकरं असली तरी दोघांचे धंदे वेगळे.

ग्रामीणतेच्या आक्षेपाचंही तसंच. मालवणी माणूस ‘म्हणान’ म्हणेल, कोल्हापूरकडचा ‘म्हनून’ म्हणेल, गोव्यातल्या कोंकणीत ‘म्हण’ आणि ‘म्हणून’ दोन्ही ऐकू येतील. आणि सदाशिव पेठेतला गृहस्थ ‘जोशी म्हणून एक जण भेटायला आले होते’ असं म्हणतो, तेव्हा तो याच रचनेचा सर्वांत नागर नमुना देत असतो. जपानीत हेच ‘तानाका तो इउ हितो’, तानाका म्हणून एक माणूस. इथे ‘की’ घालून पाहा. घालताच येत नाही. शालेय व्याकरणातल्या स्वरूपबोधक उभयान्वयी अव्ययांच्या यादीत ‘की’च्या शेजारी ‘म्हणून’ आहेच. पाठ सगळ्यांनी केलेलं असतं, लक्षात कोणी ठेवत नाही.

घोटाळ्याचा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण त्याच्या उत्तरातच या शब्दाची खरी करामत दिसते. ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली.’ इथला ‘म्हणून’ कारण सांगतो, मान्य. पण कारण कुठून आलं? ‘पाऊस येईल’ हे छत्री घेणाऱ्याच्या मनातलं वाक्य आहे. पाऊस आला की नाही हे आपल्याला अजून ठाऊकही नाही. मनातल्या वाक्याला खूण लागली, त्या विचारानं कृती घडवली, आणि त्या वापरातून कारणाचा अर्थ उगवला. दोन वेगळे ‘म्हणून’ नाहीत, एकच आहे. ‘आजारी आहे म्हणून आला नाही’ आणि ‘आला नाही, कारण तो आजारी आहे’ या दोन वाक्यांत फरक आहे. दुसऱ्यात त्याच्या आजारपणाची हमी बोलणारा देतो. पहिल्यात तो हवं तर हात झटकू शकतो : आजारी आहे म्हणून आला नाही, आणि संध्याकाळी मॉलमध्ये आइस्क्रीम खाताना दिसला! ‘कारण’ला ही सोय नाही. जपानीत ‘ब्योओकि दा तो इत्ते कोनाकात्ता’ म्हणताना, ‘आजारी आहे असं म्हणून आला नाही’ म्हणताना, नेमकं हेच अंतर राखलं जातं. बंगालीतला ‘बोले’ आणि तेलुगूतला ‘अनि’ यांनीही बोलण्यापासून कारणापर्यंतचा हाच रस्ता धरला. संस्कृतच्या ‘इति’च्या अर्थांत अमरकोशानं ‘हेतु’ नोंदला आहे. इतक्या भाषा एकाच वाटेनं गेल्या असतील तर त्याला घोटाळा म्हणता येत नाही.

विचाराच्या बाबतीत मराठी तर जपानीच्याही पुढे गेलेली आहे. जपानी माणूस ‘इकोऊ तो ओमोउ’ म्हणतो, म्हणजे ‘जावं असं वाटतं’. आपण वाटण्याचं क्रियापदसुद्धा गाळतो : ‘उद्या गावी जावं म्हणतोय.’ यात कोणाला काही सांगितलेलं नसतं, स्वतःशी ठरवणं चाललेलं असतं. विचार म्हणजे मनातल्या मनात बोलणं, हे मराठीनं क्रियापदातच मुरवून टाकलं आहे.

आता द्राविडी संसर्ग. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1956 मध्ये भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ असल्याची कल्पना मांडली. एकमेकींशी रक्ताचं नातं नसलेल्या भाषा शेजारामुळे सारख्या होत गेल्या, असा तिचा गाभा. कायपर यांनी 1967 च्या प्रसिद्ध लेखात संस्कृतमधल्या ‘इति’च्या वाढत्या वापरामागे द्राविडी भाषांचा हात पाहिला. 1971 मध्ये फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्याच घडणीत पूर्वीच्या द्राविडभाषकांचा वाटा शोधला. त्याच वर्षी गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास छापला. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना शतकांच्या सहवासानं जवळजवळ एकच झाली होती, शब्द तेवढे वेगळे उरले होते. या कामाबद्दल मला आदर आहे. तेलुगूत ‘वस्तानु अनि चेप्पाडु’, कन्नडात ‘बर्तीनि अंत हेळिद’, मलयाळममध्ये ‘वरुम् एन्नु परञ्ञु’, तमिळमध्ये ‘वरुवेन् एन्ड्रु सोन्नान्’. हे अनि, अंत, एन्नु, एन्ड्रु सगळे ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंपासून झालेले. दखनीचं ‘बोलके’ या भाषांच्या शेजारात घडलं यात मला शंका नाही.

पण शेजारामुळे घडलं म्हणजे बिघडलं, हा निष्कर्ष त्या विद्वानांनी काढलेला नाही. तो आपण काढला. दुसरं, मूळ मुद्दाही वादातीत नाही. हान्स हॉक यांनी 1982 मध्ये ‘इति’चा सविस्तर ऐतिहासिक अभ्यास करून कायपर यांच्या मताला आव्हान दिलं. ‘इति’ची वाढ आतूनही समजावता येते असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या बाजूला प्राचीन इराणी अवेस्ताची साक्ष आहे. तिथे ‘उइति’ हा सख्ख्या भावंडासारखा शब्द अशाच कामाला लावलेला आहे. अवेस्ता रचणाऱ्या पुरोहितांनी तो तमिळ शेजाऱ्यांकडून उचलला, असं म्हणायला कोणी धजावणार नाही.

तिसरी गोष्ट डीआयपीतच पाहायला मिळते. नेपाळी वॉचमनच्या ‘भनेर’मागे द्राविडी भाषांचा शेजार नाही. असलाच तर तो नेवारीसारख्या तिबेटी-बर्मी कुळातल्या भाषांचा. इथल्या इथिओपियन कामगारांच्या अम्हारिकमध्ये ‘बिलो’ आहे, अर्थ ‘म्हणून’, धातू ‘म्हणणे’चाच. घानातल्या एवे भाषेत ‘बे’ आहे, तोही बोलण्याच्या क्रियापदातून आलेला. फरक इतकाच की तो उक्तीच्या आधी येतो, कारण त्या भाषेत क्रियापद वाक्याच्या मध्ये असतं. बोलण्याच्या क्रियापदातून उक्तीची खूण तयार होणं ही माणसाच्या भाषेची जगभर दिसणारी चाल आहे. ती मराठीत दिसली की लगेच उसनवारीची पावती शोधायची गरज नाही. आणि जपानी ‘तो’? त्याचा उगम बोलण्याच्या क्रियापदात नाही. आठव्या शतकातल्या जपानी लेखनात तो आजच्याच कामावर हजर आहे. म्हणजे एका ठिकाणी ‘इति’, ‘असं’ या जातीची खूण, दुसऱ्या ठिकाणी ‘म्हणून’, ‘बोलके’ या जातीची. रस्ते दोन, मुक्काम एक : उक्तीचा शेवट, क्रियापदाच्या अलीकडे.

मुक्काम तोच का, याचं कारण वाक्यक्रमात आहे. मराठी, जपानी, तेलुगू, नेपाळी, सिंहली, अम्हारिक या सगळ्या भाषांत क्रियापद शेवटी येतं. कर्म आधी, क्रिया नंतर. ‘भाकरी खाल्ली’ म्हणणारी भाषा ‘येतो म्हणून म्हणाला’ असंच म्हणणार. जे म्हटलं ते आधी, म्हणणं नंतर. ‘की’ आला की हा क्रम उलटतो. ‘तो म्हणाला’ इथे वाक्य व्याकरणानं संपतं आणि मग ‘की’च्या मागे दुसरं वाक्य लटकतं. हिंदीचा ‘कि’ फारसीतून आला हे सर्वमान्य आहे, आणि फारसीत तो शोभतो. अरबीही ‘क़ाला’नंतर ‘इन्ना’ लावून उक्तीचं दार आधी उघडते, पश्तो ‘चे’ लावते. तेव्हा डीआयपीत आपली हिंदी ‘सुधारायला’ निघालेला माणूस ज्याला आर्यभाषांचा स्वभाव म्हणतो, तो बऱ्याच अंशी फारसी दरबाराचा शिरस्ता आहे.

इथे एक कबूल केलं पाहिजे. जुन्या मराठी गद्यात सगळीकडे शेवटचीच खूण होती असं नाही. ‘लीळाचरित्रा’त बोलणाऱ्याचं नाव आणि ‘म्हणीतलें’ आधी येतं आणि उक्ती पुढे सरळ सुरू होते, कुठलंही अव्यय न लागता. लांब उक्तीसाठी आधी सांगणं सोयीचं पडतं, आजही पडतं. चार ओळींचं म्हणणं सांगून मग ‘असं ते म्हणाले’ ऐकताना श्रोत्याचा जीव टांगणीला लागतो. ‘की’ला मी हद्दपार करत नाही. आक्षेप आहे तो फक्त ‘की’च शुद्ध या समजुतीला.

कारण शेवटच्या खुणेला अशी कामं येतात जी ‘की’ला जमत नाहीत. ‘की’ वापरायचा तर दुसऱ्याचं बोलणं सांगतोय हे बोलणाऱ्यानं आधीच ठरवावं लागतं. ‘म्हणून’, ‘बोलके’, ‘म्हणे’ यांचं तसं नाही. वाक्य तोंडातून निघून गेल्यावरही त्याचा धनी बदलता येतो. ‘गॅस बंद करो’ असं फोरमन ओरडला, समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली, लगेच पुढे ‘...बोलके इंजिनिअर बोला’. हुकूम माझा नाही, वरून आलाय. जिथे एकच निरोप इंजिनिअरच्या इंग्रजीतून फोरमनच्या हिंदीत आणि तिथून वेल्डरच्या तेलुगूत उतरतो, तिथे कोणाचं वाक्य कोणाच्या तोंडी आहे हे क्षणात सांगता येणं ही चैन नव्हे. शिवाय या खुणेला तिच्या आधी काय आलंय याची पर्वा नाही. ‘स्टॉप वर्क’ बोलके बोला, ‘बुकरा’ (उद्या) बोलके गया. इंग्रजी असो, अरबी असो, अर्धं वाक्य असो, उक्ती जशी आली तशी ठेवायची आणि शेवटी मोहोर मारायची.

अर्थ नसलेला आवाजसुद्धा तिला चालतो. जपानीत काही दाणकन पडलं तर ‘दोन् तो’, म्हणजे आवाज आणि पुढे तोच ‘तो’. तमिळमध्ये अशा ध्वनिशब्दांना ‘एन्ड्रु’ लागतो. संस्कृतात ‘पटत्’ असा आवाज आणि पुढे ‘इति’ आला तर संधी कसा करायचा, यासाठी पाणिनीनं अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र दिलं आहे, सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं 98 वं. ‘पटत् इति’चं ‘पटिति’ होतं. पडण्याच्या आवाजाला उक्तीची खूण लावणं त्याला गावंढळ वाटलं नाही.

‘म्हणे’चा उल्लेख आला तो पुरा करतो. ‘पुढच्या महिन्यात भाडं वाढणार म्हणे.’ कोण म्हणतं? माहीत नाही, सांगायचंही नाही. जपानीत त्याला ‘त्ते’ आहे, ‘तो’चंच बोलीतलं रूप : ‘आमे दा त्ते’, पाऊस आहे म्हणे. रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी तागालोगमध्ये ‘दाव’ म्हणते, स्वरानंतर ‘राव’. कामही हेच, ऐकीव बातमीवरून स्वतःचा हात काढून घेणं. तो ‘त्ते’ वैतागही दाखवतो. ‘इकु त्ते बा!’ म्हणजे ‘येतो म्हणतोय ना!’ बारकाव्यांच्या या कामात मराठी आणि जपानी इतक्या जवळ येतात की जपानीच्या मराठी विद्यार्थ्याला 21वा धडा शिकवायलाच नको, त्याच्याकडून वदवून घेतला की पुरे.

पण वर्गात होतं उलटं. ‘तो’ समजावताना तो इंग्रजीतल्या ‘दॅट’सारखा असतो असं सांगतात, आणि ‘दॅट’चं मराठी ‘की’. मग मुलगा ‘तानाका म्हणाला की उद्या येतो’ असं मनात जुळवतो, उलट्या क्रमानं जपानीत नेतो आणि अडखळतो. आधी मराठी इंग्रजीच्या साच्यात बसवायची आणि तिथून जपानी गाठायची, हा लांबचा फेरा निष्कारण आहे. ‘दॅट’ दुसऱ्या वाक्याला पहिल्याशी जोडतो. ‘तो’ नाव, आवाज, विचार, हुकूम, अर्धा शब्द, काहीही उचलून क्रियापदाच्या हाती देतो. ही दोन कामं एक नव्हेत.

‘तो’ म्हणजे उच्चारलेलं अवतरणचिन्ह, हे कौतुकही तपासून घ्यायला हवं. अवतरणचिन्ह शब्दशः उताऱ्याची हमी देतं, ‘तो’ देत नाही. तानाका प्रत्यक्षात अदबीनं ‘किमासु’ म्हणाला असेल. निवेदक त्याचं साधं ‘कुरु’ करून ‘तो’ लावतो आणि कोणी त्याला खोटं ठरवत नाही. वेल्डरचा इंजिनिअर तरी ‘गॅस बंद करो’ असं हिंदीत कुठे म्हणाला होता? तो इंग्रजीत बोलला होता. या खुणा अक्षरांची जबाबदारी घेत नाहीत. म्हणणं कोणाचं, एवढंच सांगतात.

जपानी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. 21व्या धड्याला फळ्यावर ‘की’ लिहू नका, ‘म्हणून’ लिहा, ‘असं’ लिहा, आणि खाली ‘वो कल आता बोलके बोला’ हे वाक्यही लिहा, न हसता. आणि डीआयपीतल्या मराठी साहेबांनी आपल्या माणसांची हिंदी दुरुस्त करायचीच असेल तर लिंग-वचनापासून सुरुवात करावी, तिथे काम पुष्कळ आहे. ‘बोलके’ला हात लावू नये. ते बरोबर आहे.